रेझरचा खरा खर्च: विकत घेण्याआधी करायचा हिशोब

रेझर घेताना आपण दांड्याची किंमत बघतो. पैसे मात्र जातात धारेत. दांडा एकदा घेतला की झाला, पाती मात्र दाढी उगवते तोवर लागतात. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला ही म्हण या धंद्याला अगदी चपखल बसते. पहिल्यांदाच रेझर घेणार असाल, किंवा आहे तो बदलावा असं मनात असेल, तर दुकानात जाण्याआधी कागद-पेन घेऊन अर्धा तास बसा. त्याचीच रीत खाली दिली आहे.

किमती जागोजागी वेगळ्या असतात, म्हणून कोणतंही चलन वापरलेलं नाही. जुन्या पद्धतीच्या सेफ्टी रेझरमध्ये बसतं त्या एका दुधारी पात्याची किंमत म्हणजे १ माप, असं धरू. बाकी सगळ्या किमती याच मापात. आकडे हिशोबाची पद्धत कळावी म्हणून मानलेले आहेत. तुम्ही तुमच्याकडच्या किमती घाला आणि गणित पुन्हा करा.

पायरी १: वर्षाला किती दाढ्या?

रोज करत असाल तर ३६५. आठवड्यातून तीनदा करत असाल तर १५६. रविवारच्या रविवारी करणाऱ्याच्या ५२. डोकं किंवा पाय यांच्यासाठीही तोच रेझर वापरत असाल तर ते वेगळं मोजा, कारण क्षेत्रफळ मोठं असतं आणि पातं लवकर संपतं.

हा आकडा प्रामाणिकपणे लिहा. ‘रोज करायला हवी’ आणि ‘रोज करतो’ यांत फरक असतो आणि पुढचा सगळा हिशोब याच आकड्यावर उभा राहतो. रोजच्या दाढीवाल्याला जे यंत्र स्वस्त पडतं, तेच आठवड्याच्या दाढीवाल्याला सगळ्यात महाग पडू शकतं.

पायरी २: एक पातं किती दाढ्या चालतं?

सगळ्या हिशोबात सर्वांत महत्त्वाचा आकडा हा, आणि तो पाकिटावरून घ्यायचा नसतो. दाढीचे केस किती राठ, कातडी किती नाजूक, पाणी कसं, यावर तो माणसागणिक बदलतो. म्हणून तो स्वतःच काढायचा. नवीन पातं लावलं की त्या दिवसाची तारीख फोनमध्ये किंवा पाकिटाच्या आतल्या बाजूला लिहा आणि प्रत्येक दाढीला एक रेघ मारा. तीन-चार पाती संपेपर्यंत असं केलं की सरासरी हाती येते.

पातं संपलं हे कसं ओळखायचं? हनुवटी आणि वरचा ओठ या दोन जागा सगळ्यात आधी सांगतात, कारण तिथले खुंट सर्वांत जाड असतात. केस कापला जाण्याऐवजी ओढला जातोय असं वाटायला लागतं. जिथे एका फिरवण्यात काम व्हायचं तिथे दोनदा-तीनदा फिरवावं लागतं. दाढीनंतर गळ्याला जळजळ होते. धारदार दुधारी पात्याचा खरखर असा स्पष्ट आवाज येतो, तोही हळूहळू दबतो. यांतल्या दोन खुणा एकत्र दिसल्या की पातं बदला. त्यापुढे ताणून वाचवलेला पैसा जळजळ शमवायच्या मलमात जातो.

कार्ट्रिजवर, म्हणजे दांड्याला अडकवायच्या अनेक पात्यांच्या सुट्या डोक्यावर, एक रंगीत गुळगुळीत पट्टी असते. तिचा रंग उडाला की कार्ट्रिज संपलं असं बरेच जण मानतात. ती पट्टी पाण्यात विरघळणाऱ्या पदार्थाची असते आणि पाण्याबरोबरच जाते. धारेचा आणि तिच्या रंगाचा तसा संबंध नाही. पट्टी पांढरी पडली तरी हनुवटीवर ओढ बसत नसेल तर पातं चालू ठेवा. या एका सवयीने कार्ट्रिजवाल्याचा खर्च बराच खाली येतो.

आता धार जाते कशी ते बघू, कारण पातं जास्त टिकवायचा उपाय त्यातच आहे. केस पोलादापेक्षा साधारण ५० पट मऊ असतो. मग मऊ वस्तूने कठीण वस्तू बोथट कशी होते? अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२० मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात याचं उत्तर छापलं. त्यांच्यातल्या एकाने डिस्पोजेबल रेझरने दाढी करायची आणि मग धार इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली बघायची, असा त्यांचा प्रयोग होता. धार हळूहळू झिजून गोल होत असेल असा अंदाज होता. दिसलं वेगळंच: धारेच्या काठाचे बारीक टवके उडत होते. पोलादाची अंतर्गत रचना सगळीकडे सारखी नसते. केस कापताना वाकला, धारेला तिरका भिडला आणि नेमका कच्च्या जागी भिडला की तिथे टवका उडतो. पुढचा टवका त्याच्याच शेजारी उडायची शक्यता वाढते.

यातून नवख्याने घ्यायचं ते इतकंच की केस मऊ करून मगच कापावा. कोरड्या केसापेक्षा भिजलेला केस खूप सहज कापला जातो, आणि तो भिजायला दोन-तीन मिनिटं लागतात. म्हणून आंघोळीनंतर दाढी करा, किंवा कोमट पाण्याने चेहरा भिजवून, फेस लावून थोडं थांबा. हे फुकटात होतं.

दुसरा उपाय म्हणजे पातं कोरडं ठेवणं. दाढी झाल्यावर वाहत्या पाण्याखाली धुवा, जोरात झटका आणि हवेशीर जागी ठेवा. ओल्या मोरीत किंवा बंद डबीत नको. कार्ट्रिजमध्ये तीन ते पाच पाती एकमेकांना खेटून असतात आणि त्यांच्या फटीत साबण-केसांचा लगदा अडकतो. तो मागच्या बाजूने पाणी सोडून काढायचा, बोटाने किंवा कापडाने नाही. धारेवर घर्षण कमी करणारा टेफ्लॉनच्या जातीचा अतिशय पातळ थर असतो. टॉवेलने पुसलं की त्या थराला आणि धारेला, दोघांनाही धक्का लागतो.

पायरी ३: एक भागाकार

एका दाढीचा खर्च = पात्याची किंमत ÷ ते पातं जितक्या दाढ्या चाललं.

पाच वर्षांचा खर्च = सुरुवातीची खरेदी + (एका दाढीचा खर्च × पाच वर्षांतल्या दाढ्या).

पाचच वर्षं का? त्याहून कमी काळ धरला तर महाग दांड्यावर अन्याय होतो. फार लांबचा धरला तर यंत्राची बॅटरी, मोडतोड, हरवणं हे सगळं हिशोबात घ्यावं लागतं आणि अंदाजावर अंदाज चढत जातात.

पायरी ४: एकेक प्रकार तपासा

आपला नमुना माणूस आठवड्यातून तीनदा दाढी करतो. म्हणजे पाच वर्षांत ७८० दाढ्या.

*डिस्पोजेबल, म्हणजे वापरा आणि फेका.* अख्खा रेझर ५ मापांना, चालतो तीन दाढ्या. ७८० भागिले ३ म्हणजे २६० रेझर, गुणिले ५ म्हणजे १,३०० मापं. सुरुवातीची गुंतवणूक शून्य असल्यामुळे हा सगळ्यात स्वस्त वाटतो. प्रवासाला उत्तम. कायमचा म्हणून मात्र मी कुणाला सुचवणार नाही, कारण दर वेळी पात्याबरोबर प्लास्टिकच्या दांड्याचेही पैसे भरावे लागतात.

*कार्ट्रिज.* दांडा ३० मापं, एक कार्ट्रिज २० मापं, चालतं दहा दाढ्या. ७८ कार्ट्रिज म्हणजे १,५६० मापं, दांडा धरून १,५९०. तेच कार्ट्रिज जपून वापरून पंधरा दाढ्या चालवलं तर ५२ लागतात आणि बेरीज १,०७० वर येते. म्हणजे निष्काळजी कार्ट्रिजवाला डिस्पोजेबलवाल्यापेक्षा महागात पडतो आणि जपून वापरणारा स्वस्तात. दोघांच्या हातात वस्तू एकच आहे.

कार्ट्रिज इतकं महाग का, हा प्रश्न साहजिक आहे. जास्त पाती, जास्त घडणावळ हे एक कारण. मोठं कारण म्हणजे खाच. प्रत्येक कंपनीच्या दांड्याची खाच वेगळी, पेटंट वेगळं. एकदा दांडा घेतला की पात्यासाठी त्याच कंपनीच्या दारात जावं लागतं. कित्येकदा तर एकाच कंपनीच्या दोन मालिकांची पातीही एकमेकांत बसत नाहीत. म्हणून दांड्यावर सवलत दिसली की आधी त्याच्या कार्ट्रिजची किंमत विचारा. दोन पात्यांचं कार्ट्रिज १९७१ मध्ये आलं, तीन पात्यांचं १९९८ मध्ये, पाचांचं २००६ मध्ये. पाती वाढली म्हणून टिकाऊपणा त्याच पटीत वाढत नाही. साध्या, मऊ दाढीला दोन-तीन पाती पुरतात, आणि जुन्या मालिकांची कार्ट्रिज बहुधा स्वस्त असतात.

*सेफ्टी रेझर आणि दुधारी पातं.* धातूचा दांडा १५० मापं. पातं १ माप, चालतं चार दाढ्या. १९५ पाती म्हणजे १९५ मापं, दांडा धरून ३४५. कार्ट्रिजच्या जवळपास पाचव्या हिश्शात काम झालं.

इथे खाचेचं गणित उलट चालतं. किंग कॅम्प जिलेट यांना या रेझरचं अमेरिकन पेटंट १९०४ मध्ये मिळालं. दांडा जवळजवळ फुकट द्यायचा आणि पात्यांवर कमवायचं, ही युक्ती त्यांनी पहिल्या दिवसापासून लढवली असं सर्रास सांगितलं जातं. प्रत्यक्षात पेटंट हातात होतं तोवर त्यांचा दांडा चांगला महाग होता. १९२१ मध्ये पेटंटची मुदत संपली आणि हा आकार सगळ्यांना खुला झाला. आज तेच पातं जगभरातल्या अनेक कंपन्या बनवतात आणि ते कुणाच्याही दांड्यात बसतं. शंभर वर्षांपूर्वीच्या कित्येक दांड्यांतही बसतं. एका कंपनीचं महाग झालं तर दुसरीचं घ्या. पातं स्वस्त राहिलंय ते या मोकळिकीमुळे.

दांड्याचे जादा पैसे वसूल कधी होतात तेही काढू. कार्ट्रिजची दाढी २ मापांना पडते, दुधारी पात्याची पाव मापाला. दर दाढीला पावणेदोन मापं वाचतात. दांड्यात फरक १२० मापांचा. १२० भागिले १.७५ म्हणजे ६९ दाढ्या. आठवड्याला तीन या दराने सहा महिन्यांच्या आत.

*शॅव्हेट,* म्हणजे पातं बदलता येणारा वस्तरा. यात दुधारी पातं मधोमध मोडून अर्धंच लावतात. ‘एका पात्यात दोन दाढ्यावाले’ असा हिशोब ऐकू येतो, पण तो फसवा आहे. अर्ध्या पात्याला एकच धार असते आणि सगळं काम त्या एकाच धारेवर पडतं. चार दाढ्या चालणाऱ्या पात्याचं अर्धं दोनच चालेल. खर्च सेफ्टी रेझरइतकाच, कापून घ्यायची शक्यता जास्त. हौस म्हणून घ्या, बचत म्हणून नको.

*खराखुरा वस्तरा.* ‘एकदा घेतला की जन्माचा’ हे वाक्य इथे हमखास येतं. वस्तरा ८०० मापं, चामड्याचा पट्टा ३००, धार लावायचे बारीक दगड ५००: एकूण १,६००. पाती शून्य. पण सेफ्टी रेझरशी तुलना करा. त्याच्या पात्यांचा वर्षाचा खर्च ३९ मापं. दोन्हींच्या सुरुवातीच्या खर्चात फरक १,४५० मापांचा. १,४५० भागिले ३९ म्हणजे ३७ वर्षं! तोवर दगडही झिजतील आणि पट्टाही बदलावा लागेल. प्रत्येक दाढीआधी वस्तरा पट्ट्यावर परजायचा, काही महिन्यांनी दगडावर घ्यायचा, दाढीनंतर कोरडा पुसून तेलाचं बोट फिरवायचं, हे सगळं ज्याला आवडतं त्याने जरूर घ्यावा. पैसे वाचतात या कारणासाठी घेऊ नये.

*इलेक्ट्रिक शेव्हर.* यंत्र १,००० मापं. जाळी आणि आतली पाती झिजतात. उत्पादक बहुधा दीड ते दोन वर्षांनी बदलायला सांगतात. हा सुटा भाग ३५० मापांना धरला तर पाच वर्षांत दोनदा, म्हणजे ७००. बेरीज १,७००. विजेचा खर्च सोडून द्यायलाही हरकत नाही: ५ वॉटचा चार्जर आठवड्याला एक तास लावला तरी वर्षाला २६० वॉट-तास होतात, म्हणजे पाव युनिटच्या आसपास. साबण, फेस, गरम पाणी यांतलं बहुतेक वाचतं, तेही वजा करा. खरा धोका बॅटरीचा. ती बहुतेक यंत्रांत आत बंद असते आणि तिने मान टाकली की चांगली पातीही वाया जातात. घेण्याआधी दुकानात दोन गोष्टी विचारा: या मॉडेलची जाळी सुटी मिळते का, आणि कितीला? जाळीची किंमत यंत्राच्या निम्म्याहून जास्त निघाली तर दुसरं मॉडेल बघा. आपोआप धुणारा स्टँड बरोबर असेल तर त्याच्या द्रवाचा खर्च वेगळा मांडा. साधा नळ तेच काम करतो.

पायरी ५: दाढ्यांची संख्या बदलून बघा

आता पहिल्या पायरीतला आकडा बदला आणि क्रम कसा हलतो ते पाहा.

रोज दाढी, म्हणजे पाच वर्षांत १,८२५: कार्ट्रिज ३,६८० मापांवर जातं. सेफ्टी रेझर ६०० च्या जरा वर. शेव्हर मात्र १,७०० वरच, कारण त्याची जाळी सहसा महिन्यांच्या हिशोबाने बदलतात. म्हणजे रोजच्या दाढीवाल्यासाठी शेव्हर कार्ट्रिजच्या निम्म्याहून कमी.

आठवड्यातून एकदा, म्हणजे २६० दाढ्या: कार्ट्रिज ५५०, डिस्पोजेबल ४३५, सेफ्टी रेझर २१५, शेव्हर पुन्हा तेच १,७००. फार तर एखादी जाळी कमी लागेल. इथे शेव्हर घेणं म्हणजे पैसे कपाटात ठेवणं. शिवाय आठवड्याची लांब दाढी शेव्हरला नीट कापताही येत नाही, आधी ट्रिमर फिरवावा लागतो.

सेफ्टी रेझर तिन्ही हिशोबांत खाली राहिला. त्याच्या पात्याची किंमत दुप्पट धरा किंवा आयुष्य निम्मं धरा, तरी तो सगळ्यात स्वस्तच राहतो. पण आपल्या किमतींनी करून बघाच. एखाद्या ठिकाणी दुधारी पाती सहज मिळतच नसतील आणि बाहेरून मागवावी लागत असतील, तर टपालखर्च धरून चित्र थोडं वेगळं दिसेल.

पायरी ६: बाजूचे खर्च

साबण-फेसाचा खर्च सगळ्या ओल्या प्रकारांना सारखाच आहे, त्यामुळे तुलनेत तो कटतो. ब्रश आणि वडीचा साबण डब्यातल्या फेसापेक्षा खूप जास्त दिवस पुरतो, इतकं लक्षात ठेवा. महिन्याला घरपोच पाती पाठवणाऱ्या योजना बघाल तर त्यांच्या वेळापत्रकाने नाही, आपल्या रेघांनी मोजा. तुमचं पातं तीन आठवडे चालत असेल आणि त्यांचं दर आठवड्याला येत असेल तर खणात ढीग साचतो, आणि तोही खर्चच आहे.

वेळ आणि शिकणं हाही खर्च. सेफ्टी रेझरचं डोकं कार्ट्रिजसारखं मागे-पुढे हलत नाही, कोन आपल्याला धरावा लागतो. पातं गालाशी साधारण ३० अंशांत, दाब शून्य, रेझर स्वतःच्या वजनाने खाली येऊ द्यायचा, फिरवणं आखूड. सवय होईपर्यंत घाईच्या सकाळी हात लावू नका, सुट्टीच्या दिवशी करा. हात थरथरत असेल, किंवा रक्त पातळ ठेवायची औषधं चालू असतील, तर हिशोब बाजूला ठेवा आणि शेव्हर घ्या.

सारखे विमानाने फिरत असाल तर आणखी एक गोष्ट. सुटं पातं हातसामानात चालत नाही, कार्ट्रिज आणि डिस्पोजेबल सहसा चालतात. त्यामुळे सेफ्टी रेझरवाल्यांच्या बॅगेतही एखादा जुना कार्ट्रिज रेझर पडलेला असतो.

पायरी ७: पहिली खरेदी

सेफ्टी रेझर ठरला असेल तर सुरुवातीलाच शंभर पात्यांचा डबा घेऊ नका, तो कितीही स्वस्त दिसला तरी. एका गालाला चालणारं पातं दुसऱ्याला ओरबाडतं, त्यात पात्याचा दोष नसतो. तीन-चार कंपन्यांची लहान पाकिटं घ्या, प्रत्येकाच्या रेघा वेगळ्या मारा, मग जे जमेल त्याचा डबा. वेष्टनात बंद पातं कोरड्या जागी वर्षानुवर्षं चांगलं राहतं. दांडा तीन सुट्या भागांचा, जाड धातूचा आणि साध्या आट्यांचा घ्या, त्यात बिघडायला काही नसतं. नक्षी आणि पेटीसाठी जादा पैसे मोजायची गरज नाही.

कार्ट्रिजच वापरायचं असेल तर त्याचीही लाज नाही. दांडा आहे तोच ठेवा, तारीख लिहायला लागा, आणि दहाच्या जागी पंधरा दाढ्या कशा होतील ते बघा.

वापरलेली पाती कचऱ्यात तशीच टाकू नका, कचरा उचलणाऱ्याचा हात कापतो. पत्र्याच्या डबीच्या झाकणाला पातं जाईल इतकी चीर पाडा, झाकण चिकटवून टाका आणि संपलेलं प्रत्येक पातं त्यात सोडा. पातं जेमतेम ०.१ मिलिमीटर जाडीचं असतं, त्यामुळे लहानशी डबीही कित्येक वर्षं पुरते. भरली की चीर टेपने बंद करा, वर ‘आत ब्लेड आहेत’ असं ठळक लिहा आणि तुमच्याकडे धारदार कचऱ्याची जी सोय असेल तिथे द्या.